खाड्याचे पैसे कोण परत करणार?

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली,
आणि मोबाइल कंपन्यांत बसून प्लॅनच्या किमती ठरवणारी सगळी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

करी रोड स्टेशनातून बाहेर पडलं की पुलाच्या अलीकडे माझं साडेसहा फुटांचं दुकान आहे. झेरॉक्स, मोबाइलची कव्हरं, चार्जर, टेम्पर्ड ग्लास आणि रिचार्ज. 2004 पासून इथंच बसतोय. आताशा रिचार्ज लोक आपापल्या फोनवरूनच मारतात, त्यामुळे त्यातली कमाई चहापाण्यापुरती उरली आहे. विचारायला मात्र अजून सगळे माझ्याकडेच येतात. "दादा, प्रीपेडच ठेवू की पोस्टपेड करून टाकू?" आठवड्यातून चारपाच वेळा तरी हा प्रश्न काउंटरवर येतो. सल्ल्याला कमिशन नसतं, तरी देतो. पण गेली काही वर्षं सल्ला देताना माझीच जीभ अडखळायला लागली आहे, म्हणून हे पत्र.

उघड का लिहितोय, तेही सांगतो. ट्रायकडे एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार सोडवली जात नाही. ती आधी कंपनीच्या कस्टमर केअरकडे न्यायची, तिथं काही झालं नाही तर अपील, आणि अपील ऐकणारी माणसंही त्याच कंपनीची. सासूची तक्रार सासूकडे, पटलं नाही तर सासूच्या बहिणीकडे. सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली ग्राहक आयोगाची वाट मोकळी असल्याचं सांगितलं, पण 299 रुपयांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून आयोगात कोण जाणार? शिवाय माझी तक्रार एका बिलाची नाहीच. प्रीपेड आणि पोस्टपेड या तुमच्या दोन्ही दुकानांतल्या मापाची आहे.

माझी आजी लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत गिरणीतले अठरा-वीस गडी पाळीप्रमाणे येऊन जेवायचे. पैसे महिना भरल्यावर, गिरणीचा पगार झाला की. आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिची एक वही होती. कोणी गावाला गेला, कोणी बहिणीकडे जेवला, की त्याच्या रांगेत ती त्या दिवशी फुली मारायची. तो खाडा. महिनाअखेरीस खाडे वजा जाता जे उरेल तेवढेच पैसे घ्यायची. या उधारीवर तिला वाण्याकडे व्याज भरावं लागे, तो वेगळा जाच. अशाच खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठं बँकेनं त्यांच्याकडे बघितलं. असो. सांगायचं ते एवढंच की आजीचं खातं पोस्टपेड होतं आणि नाक्यावरच्या उडप्याचं कूपन प्रीपेड. दोन्हीकडे माणूस खाल्लं तेवढ्याचेच पैसे द्यायचा.

मोबाइलसुद्धा आधी असाच होता. 1995 मध्ये मुंबईत मॅक्सटच आणि बीपीएल आले तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. 2003 साली इनकमिंग फुकट झालं. मी दुकान टाकलं तेव्हा एमटीएनएलच्या पोस्टपेडचं नाव डॉल्फिन आणि प्रीपेडचं ट्रम्प. गिऱ्हाईक स्क्रॅच कार्ड घ्यायचं, पावलीनं खरवडायचं आणि चौदा-सोळा आकडे दाबताना मध्येच चुकायचं. घातलेले पैसे बोलण्यात संपायचे. ते जपायला मुंबईनं मिस्ड कॉल नावाची भाषा काढली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे उशीर होतोय, वरणाला फोडणी देऊ नकोस. 2009 साली टाटा डोकोमोनं सेकंदाला 1 पैसा लावला आणि माझ्यासमोर लोक फोन ठेवताना सेकंद मोजायला लागले. आजीची वही याहून बारीक नव्हती.

मग 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सगळा हिशेबच पालटला. मी त्याला नावं ठेवणार नाही. आज भायखळ्याच्या मंडईतला हमाल व्हिडिओ कॉलवर गावच्या पोरीचा चेहरा बघतो, ते त्या स्वस्ताईमुळे. पण त्या पालटात प्रीपेड-पोस्टपेड या शब्दांतला जीव निघून गेला, हे कोणी बोललं नाही. आता प्रीपेडमध्ये पैसे आधी घालायचे आणि ते वापरानं नाही, तारखेनं संपतात. दिवसाचा दीड जीबी उरला तर बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बाराला तो बुडाला. पोस्टपेडमध्ये बिल नंतर येतं, पण फोन महिनाभर कपाटात पडला तरी आकडा तोच. काही पोस्टपेड प्लॅनमध्ये उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जातो, तेवढी सोय आहे. बाकी दोन्हीकडे फोन नाही, भाड्याची खोली घेतल्यासारखं आहे. एकीकडे भाडं आधी, दुसरीकडे नंतर. खाडा कुठंच नाही.

म्हणून "प्रीपेड की पोस्टपेड" या प्रश्नाचा खरा अर्थ आता असा होतो, की बाबा, भाडं महिन्याच्या कुठल्या तारखेला द्यायला तुला परवडतं? आणि इथंच तुम्ही गोची करून ठेवली आहे.

माझ्याकडे एक मावशी येतात. लोअर परळच्या टॉवरमध्ये तीन घरी पोळीभाजी करतात. पगार तिन्ही घरचा मिळून 7 तारखेपर्यंत हातात येतो. यंदा 7 जानेवारीला त्यांनी 299 चा, 28 दिवसांचा पॅक मारला. पुढचा आला 4 फेब्रुवारीला. मग 4 मार्च. मग 1 एप्रिल, आणि त्याच एप्रिलमध्ये पुन्हा 29 ला. पगार महिन्यात एकदा, रिचार्ज दोनदा. तिथून तो सरकतच गेला. 27 मे, 24 जून, 22 जुलै, 19 ऑगस्ट. सप्टेंबरात 16 तारखेला, म्हणजे घरात मिठाच्या बरणीखाली ठेवलेली शेवटची नोटसुद्धा मोडलेली असते तेव्हा. मावशींना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, मागच्या वेळी तर पगाराच्या दिवशी मारला होता. मी वहीवर तारखा मांडून दाखवल्या तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे हा चंद्रावर चालतो होय?"

चंद्राचं त्यांचं बरोबरच आहे, फक्त चंद्राचा हिशेब तुमच्याहून सरळ. आमच्याकडे धोंड्याचा महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात निदान जावयाला अनरसे तरी मिळतात. तुमच्याकडे तो दरवर्षी येतो. 365 भागिले 28 करा, तेरा रिचार्ज होतात. 299 गुणिले 12 म्हणजे 3588, गुणिले 13 म्हणजे 3887. वर गंमत अशी की तेरा रिचार्ज मारूनही 364 च दिवस भरतात, वर्षातला एक दिवस उघडाच राहतो. गिरणीत दिवाळीला बोनस मिळायचा, तो मालक कामगाराला द्यायचा. हा उलटा बोनस आहे.

याच माणसाच्या खिशात लोकलचा पास असतो. 5 तारखेला काढला तर पुढच्या महिन्याच्या 4 तारखेपर्यंत चालतो. महिना 28 चा असो की 31 चा, रेल्वेनं कधी त्यावरून वाद घातला नाही. तोही पास आगाऊच काढायचा असतो. म्हणजे आगाऊ पैसे घेऊनही पूर्ण महिना देता येतो, हे सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

आता न्याय म्हणून सांगतो. ट्रायनं हे पाहिलं होतं. जानेवारी 2022 मध्ये तुम्ही आदेश काढलात की प्रत्येक कंपनीनं निदान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन ठेवायचा. आदेश चांगला होता. कंपन्यांनी तो पाळला तो असा, की दुकानात मीठ ठेवायचा नियम केला तर वाण्यानं ते फळीच्या मागं, गुळाच्या ढेपेखाली ठेवावं. अॅप उघडलं की समोर 28 चा, मग 56 चा, मग 84 चा, मध्ये सिनेमे बघायचे प्लॅन, क्रिकेट बघायचे प्लॅन. तारखेचा प्लॅन शोधत खाली जाईपर्यंत मावशींच्या पोळ्या करपतात. माझ्या काउंटरवर आपण होऊन तो मागणारं गिऱ्हाईक मला आजवर दिसलेलं नाही, आणि मी सुचवला की विचारतात, "दादा, यात काही लोचा नाही ना?"

"मग 84 चा मारा," असं कोणीही सांगेल. मीही सांगतो. दिवसाला थोडा स्वस्त पडतो. पण चार वेळा 84 म्हणजे 336, उरलेल्या 29 दिवसांना पुन्हा काहीतरी लागतंच. वर्षाचा एकदम घेतला तर सगळ्यात फायद्याचा, पण हजारोंत रक्कम एकदम कुठून आणायची? जो चहापत्ती दहा रुपयांच्या पुडीतून नेतो त्याला पाव किलोचा डबा स्वस्त पडतो हे कळत नाही असं नाही. त्याच्याकडे त्या दिवशी दहाच रुपये असतात. डिसेंबर 2024 मध्ये तुम्ही कंपन्यांना नेट नसलेले, फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे प्लॅन काढायला लावलेत. आमच्या चाळीतल्या साध्या फोनवाल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते हवेच होते. पण आले ते मुख्यतः 84 दिवसांचे आणि 365 दिवसांचे. म्हणजे ज्याला कमीत कमी लागतं, त्यानंच एकदम जास्त काढून द्यायचे.

पॅक संपला की काय होतं, ते तुमच्या कागदावर दोन शब्दांत असतं. आउटगोइंग लगेच बंद, इनकमिंग काही दिवसांनी. माझ्या काउंटरवर त्याचा अर्थ असा, की बँकेचा ओटीपी येत नाही, गॅसचा नंबर लागत नाही, तिसऱ्या माळ्यावरच्या मॅडम "आज येऊ नका" सांगायला फोन करतात तो लागत नाही आणि मावशी उगाच जिने चढून जातात. 2006 च्या सुमारास मीच शेकडो लोकांना 999 ची "लाइफटाइम" कार्डं विकली. एकदा पैसे भरा, इनकमिंग जन्मभर. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी दर महिन्याला कमीत कमी रिचार्ज लावला आणि ती लाइफ संपली. लोक अजून मला त्यावरून बोलतात. कंपनीच्या माणसाचा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही, माझा पाहिलाय.

आता पोस्टपेड. देशात शंभरातले नव्वदहून जास्त मोबाइल प्रीपेड आहेत, त्यामुळे पोस्टपेड म्हणजे साहेबी काहीतरी, असा समज आहे. तो खरा नाही. ज्याचा पगार 1 तारखेला बँकेत पडतो, ज्याला रिचार्जची तारीख लक्षात राहत नाही, ज्याच्या घरात चार नंबर आहेत आणि एकच माणूस पैसे भरतो, त्याला मी सरळ पोस्टपेड सांगतो. बिलाची तारीख सरकत नाही, हा त्याचा मोठा गुण. आणखी एक फायदा खास मुंबईतल्या भाडेकरूंचा. अकरा महिन्यांच्या करारावर दर वर्षी खोली बदलणाऱ्याचं आधार कार्ड सोलापूरच्या नाहीतर साताऱ्याच्या पत्त्याचं असतं, वीजबिल घरमालकाच्या नावाचं. अशा वेळी केवायसीच्या नियमांत दोन महिन्यांच्या आतलं पोस्टपेड मोबाइलचं बिल पत्त्यासाठी चालतं. प्रीपेडला असा कागद नसतो. हे मी सांगितलं की आयटीतली पोरंसुद्धा चाट पडतात.

पण पोस्टपेडची पाटी खोटी असते. प्रीपेडचे 299 म्हणजे 299, त्यात सुमारे 45 रुपये 60 पैसे जीएसटी आतच धरलेला असतो. पोस्टपेडचा 499 चा बोर्ड लावला असेल तर बिल येतं 588 रुपये 82 पैशांचं, कारण 18 टक्के वरून. गिऱ्हाईक दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून तुलना करतं आणि फसतं. वडापाववाल्यानं पंधरा रुपये सांगून चटणीचे वेगळे लावले तर दादरला त्याची गाडी दुसऱ्या दिवशी उभी राहणार नाही.

आणि खाड्याची माझी गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी गावी, संगमेश्वर तालुक्यात, आईचं खुब्याचं हाड मोडलं. मी तीन महिने तिथंच होतो, दुकान मेव्हण्यानं बघितलं. माझा नंबर पोस्टपेड. गावात त्या कंपनीची रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर येते, तीही वारा असेल तर. मी बायकोच्या सिमवर दिवस काढले. परत आलो तर तीन बिलं, मिळून 1766 रुपये. कंपनीच्या गॅलरीत गेलो. तिथली मुलगी बिचारी नम्र होती. म्हणाली, "सर, यूज नाही केलं तरी रेंटल लागतं." मी भरले. दंड लागू नये म्हणून वर सॉरीही म्हणालो.

पुढे कधीतरी एका ओळखीच्या माणसानं ट्रायचा 2013 चा नियम दाखवला. पोस्टपेड ग्राहकाला काही काळ नंबर वापरायचा नसेल तर तो कंपनीकडे सांभाळायला ठेवता येतो आणि त्याचे तीन महिन्यांना 150 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. दीडशे! माझ्या आजीची फुलीच ती, तुमच्याच कागदावर, माझ्या आईचं हाड मोडायच्या कितीतरी वर्षं आधी लिहून ठेवलेली. त्याच नियमात प्रीपेडवाल्यालाही आधार आहे. 90 दिवस नंबर वापरला नाही, पण खात्यात 20 रुपये असतील, तर ते 20 कापून नंबर आणखी 30 दिवस जिवंत ठेवायचा. हे मला, वीस वर्षं रिचार्ज विकणाऱ्या माणसाला, माहीत नव्हतं. गॅलरीतल्या मुलीला माहीत होतं की नाही, देव जाणे. तिला प्लॅन वाढवून विकायचं टार्गेट असतं, नंबर झोपवून ठेवायचं नसतं.

तर मागणं असं आहे. कंपन्यांना उद्देशून आधी: प्लॅनच्या आकड्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात दिवसाचा आणि वर्षाचा खर्च छापा. 299 च्या खाली "दिवसाला 10 रुपये 68 पैसे, वर्षाला 13 वेळा" असं आलं की मला वहीवर तारखा मांडाव्या लागणार नाहीत. पोस्टपेडच्या बोर्डावर जीएसटी धरूनच आकडा लिहा. आणि ट्रायला: तारखेचा प्लॅन ठेवायची सक्ती केलीत, आता तो पहिल्या ओळीत ठेवायची करा. 28 चा ज्याला हवा तो खाली जाऊन शोधेल. बोलण्यापुरत्या प्लॅनला महिन्याची बारकी पुडीही असू द्या. नंबर सांभाळायला ठेवायची सोय बिलावरच मराठीत छापायला लावा, नाहीतर ती कागदावरच झोपून राहील. यातलं सगळं होणार नाही, मी काही काल जन्मलेलो नाही. पण तारखेच्या प्लॅननं कुणाच्या खिशाला फार चाट बसत नाही. तेरावा महिना बुडेल, एवढंच.

नंबर पोर्ट करा, बाजार मोकळा आहे, असं उत्तर तुमच्याकडे तयार असेल. 2011 पासून तेही लोकांना माझ्याच दुकानातून करून देतोय. 1900 वर मेसेज पाठवतो, कोड येतो, चार दिवस चालतो. पण पोस्टपेडवाल्याचं जुनं बिल चुकतं झाल्याशिवाय नंबर सुटत नाही, प्रीपेडवाल्याचा उरलेला पॅक तिथंच बुडतो, आणि पलीकडे जाऊन बघावं तर तिथलाही महिना 28 चाच.

मावशींना मी शेवटी तारखेचा पॅक मारून दिला, 7 तारखेला. त्यासाठी आधीच्या पॅकचे काही दिवस सोडावे लागले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे, खाडा समज." माझाही नंबर मी पोस्टपेडवरून प्रीपेडला टाकलाय. 2021 पासून ओटीपीवर होतं, नवा फॉर्म भरावा लागत नाही, त्याबद्दल आभार. बदल होईपर्यंत फोन मध्येच बंद असेल, तेव्हा उत्तर द्यायचं झालंच तर पोस्टानं पाठवा. दुकान दुपारी 2 ते 4 बंद असतं, शेजारच्या भेळवाल्याकडे दिलंत तरी चालेल.

आपला,
करी रोडचा एक रिचार्जवाला